गुरुवारी ठरवा, शुक्रवारी निघा: नाताळाआधीची मुंबई, बेळगावातून

डिसेंबर उजाडला की आमच्या शहापुरातल्या कट्ट्यावर कुणीतरी हमखास म्हणतं, "गोव्याला जाऊया काय?" मग गाडी कुणाची, पेट्रोल कुणाचं यावर तासभर वाद होतो आणि चोर्ल्याच्या घाटात तीन तास दुसऱ्याच्या डिकीकडं बघत बसायचं ठरतं. नाताळात पुण्या-मुंबईचे लोक आपल्या दारावरून गोव्याला जातात. आपण त्यांच्या उलट दिशेनं जायचं. त्या शुक्रवारी रात्री गर्दी खाली उतरत असते, त्यामुळं वर जाणाऱ्या गाडीत अगदी शेवटच्या दिवशीही जागा मिळायची आशा असते.

हे सगळं त्यांच्यासाठी, ज्यांनी मुंबई फक्त लग्नाला, दवाखान्याला किंवा इंटरव्ह्यूला पाहिली आहे. २५ डिसेंबरच्या आधीचा शनिवार-रविवार धरा, नंतरचा नको. २५ पासून ३१ पर्यंत लॉजचे भाव चढतात. शिवाय बाजार आणि बेकऱ्या यांची खरी धांदल आधीच्या आठवड्यात असते. नाताळाच्या दिवशी जाऊन झालेल्या लग्नाचा मांडव बघण्यात काय अर्थ?

गुरुवार संध्याकाळ: आधी परतीचं तिकीट

जायचं ठरलं की माणूस पहिल्यांदा जायची गाडी शोधतो. मीही तेच करायचो. एकदा परतीचं 'तिथं गेल्यावर बघू' म्हणून गेलो आणि रविवारी रात्री सायनला पुलाखाली बॅग घेऊन तीन तास उभा राहिलो. शेवटी एका स्लीपरवाल्यानं केबिनमध्ये, ड्रायव्हरच्या मागच्या फळीवर बसवून घेतलं, पूर्ण भाडं घेऊन. कोल्हापूरपर्यंत पाठीचा कणा मोजून झाला. तेव्हापासून आधी रविवार रात्रीची सीट आणि मग शुक्रवारची. सोमवारी कामावर हजर व्हायचं असलेली सगळी कोल्हापूर-निपाणी-बेळगावची मंडळी त्याच रात्री मुंबई सोडतात, म्हणून जाणं सोपं आणि येणं अवघड असतं.

आता रेल्वेचं गणित. हुबळी-दादर एक्स्प्रेस बेळगाव, मिरज, पुणे करत रात्रीत दादरला पोचवते. आरामात जायचं तर हीच. खरं अडचण अशी, की तत्काळचं आरक्षण प्रवासाच्या आदल्या दिवशी उघडतं, एसीचं सकाळी १० ला, बिगर एसीचं ११ ला. म्हणजे शुक्रवारच्या गाडीचा तत्काळ गुरुवारी सकाळीच होऊन गेला आणि तुम्ही ठरवताय संध्याकाळी! जाताना बस, हे मान्य करून टाका. मात्र रविवारी रात्री दादरहून सुटणाऱ्या गाडीचा तत्काळ शनिवारी सकाळी उघडतो. बसची सीट हातात ठेवून तो डाव खेळून बघायला हरकत नाही, फक्त बसचं तिकीट किती वाजेपर्यंत रद्द होतं ते आधी वाचा. जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळसाठी आयआरसीटीसीचं खातं आधारशी जोडलेलं लागतं. ते काम गुरुवारीच उरकून घ्या, शनिवारी दहाला दहा मिनिटं असताना ओटीपीची वाट बघू नका.

निपाणी, चिकोडीकडच्यांना आणखी एक वाट आहे. निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, आणि कोल्हापुरातून रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस थेट सीएसएमटीला जाते. रायबाग, घटप्रभाकडच्यांनी मिरजेची जोडणी बघावी. गावाकडून बेळगावला येणाऱ्या बायकांना सरकारी साध्या बसमध्ये 'शक्ती' योजनेमुळं तिकीट पडत नाही, आधार कार्ड जवळ हवं. पण ही सवलत कर्नाटकापुरती आहे, मुंबईच्या आरामगाडीत ती दाखवून उपयोग नाही.

आता आपल्याकडची एक खास गोष्ट, जी पुण्या-मुंबईच्या कुठल्याच प्रवासवर्णनात सापडणार नाही. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरतं. त्याच सुमारास महाराष्ट्र एकीकरण समितीचा महामेळावा, मोर्चे, बंदोबस्त असतो आणि वातावरण तापलं की दोन्ही राज्यांच्या बसगाड्या कोगनोळी नाक्याच्या अलीकडं-पलीकडं थांबतात. डिसेंबर २०२२ मध्ये असं झालं होतं. म्हणून निघायच्या दिवशी सकाळी पेपर बघा किंवा सरळ स्टँडवर जाऊन कंडक्टरला विचारा. एसटी बंद असेल तर रेल्वे असतेच. सीमेचं भांडण अजून रुळावर चढलेलं नाही.

राहायचं कुठं

दादर किंवा त्याच्या आसपास, दुसरीकडं नको. पश्चिम आणि मध्य दोन्ही रेल्वे तिथं भेटतात, भुयारी मेट्रोचं स्टेशन आहे, चारी बाजूला मराठी जेवण आहे, आणि परतीची गाडीही तिथूनच. लॉजवाल्याला फोन करून दोनच प्रश्न विचारा: पहाटे सहाला आलो तर खोली मिळेल का, आणि रविवारी खोली सोडल्यावर संध्याकाळपर्यंत बॅग ठेवून घ्याल का. पुष्कळ ठिकाणी दुपारी बाराशिवाय खोली देत नाहीत. पहाटे काउंटरवर हे कळलं की राग येतो आणि तो सोबतच्या माणसावर निघतो. मूळ आधार कार्ड प्रत्येकाचं हवं, मोबाईलमधला फोटो सगळीकडं चालत नाही.

लालबाग-परळला अजून कुणाची मामी, काका असतील तर मात्र लॉजचा विचारच करू नका. आपल्याकडच्या, चंदगड-आजऱ्याकडच्या कितीतरी गावांनी गिरणीच्या काळात मुंबईत गावकीच्या खोल्या केल्या होत्या. एका खोलीत पाळीपाळीनं झोपायचं आणि पगाराला गावी मनिऑर्डर करायची. त्यातल्या बऱ्याच टॉवरखाली गेल्या, खरं नाती राहिलीत. फक्त शुक्रवारी दुपारी तरी फोन करा. "मामी, उद्या सकाळी यायलोय" हे सांगायला कमीपणा वाटू नये. आणि कुंदा न्या. अर्धा किलो कुंदा ही आपली दक्षिणा आहे, ती दिल्यावर गादी कुणाच्या वाट्याला येते ते बघा.

शुक्रवार: बॅग

बेळगावात पहाटे पारा पंधराच्या आसपास असतो, म्हणून आपण स्वेटर, कानटोपी, शाल सगळं भरतो. मुंबईत दुपारी तीस-बत्तीस अंश असतात. एक स्वेटर घ्या, तो गाडीतल्या एसीसाठी आणि खंबाटकीच्या पुढच्या गारव्यासाठी. बाकी सुती कपडे. चपला नकोत, चालून मळलेले बूट हवेत. एकच पाठीवरची बॅग आणि तिच्यात घडी केलेली एक रिकामी कापडी पिशवी. ती कशासाठी, ते रविवारी कळेल.

बसनं साधारण दहा-बारा तास धरा. कागल ते साताऱ्याच्या पट्ट्यात रस्ता रुंदीकरणानं वेळ खाल्ला की तासभर इकडं-तिकडं होतो. उतरताना पनवेल, वाशी, सायन, दादर अशी हाळी येते. झोपेत "मुंबई आली" ऐकून कळंबोलीला उतरणारा माणूस दरवर्षी एक तरी भेटतो. सायन किंवा दादर ऐकल्याशिवाय उठू नका.

शनिवार: दक्षिणेकडं

पहाटे पोचलात तर खोलीची वाट बघत बसू नका. दादर पश्चिमेला पुलाजवळ फुलबाजार भरतो. झेंडू, शेवंती, अष्टर पोत्यानं ओतलेलं असतं आणि ओल्या पाल्याचा वास पार स्टेशनच्या जिन्यावर येतो. उजाडताना बघायची ही गोष्ट, नऊनंतर फक्त चिखल उरतो.

नाश्ता झाला की भुयारी मेट्रो धरा. आरे ते कफ परेड ही मार्गिका ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली आणि नवख्या माणसाची निम्मी भीती तिनं घालवली. भाडं १० ते ७० रुपयांच्या आत. दादरला चढा आणि हुतात्मा चौकाला उतरा.

गेटवेच्या आधी हुतात्मा चौक का, असं कुणी विचारेल. सीमाभागातल्या माणसाला ते सांगावं लागू नये. १७ जानेवारीला आपण बेळगावात संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या हुतात्म्यांना फुलं वाहतो, तो धागा इथंच येऊन मिळतो. मशाल धरलेल्या शेतकरी-कामगारापुढं दोन मिनिटं थांबायचं आणि पुढं निघायचं. तिथून हॉर्निमन सर्कलच्या बाजूला चार पावलांवर सेंट थॉमस कॅथेड्रल आहे. चर्चगेट हे नाव ज्या चर्चवरून पडलं ते हेच. किल्ल्याच्या तटाला या चर्चकडं येणारा दरवाजा होता, तो चर्च गेट. तट गेला, दरवाजा गेला, नाव लोकलच्या पाटीवर राहिलं. हे चर्च १७१८ साली नाताळाच्याच दिवशी उघडलं. आत भिंतीवर ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातल्या माणसांची संगमरवरी स्मारकं आहेत. कोण किती वर्षांचा असताना इथल्या तापानं गेला ते वाचत फिरा, अर्धा तास कसा जातो कळत नाही.

तिथून चालत सीएसएमटी आणि पुढं क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे महात्मा जोतिबा फुले मंडई. इमारत १८६९ ची. दरवाजांवर शेतकरी, पाणी भरणारे यांची कोरीव चित्रं आहेत, मान वर करून बघा, कारण खाली बघायला सगळी मुंबई आहे. नाताळाचा बाजार मंडईत आणि तिच्या मागच्या गल्ल्यांत भरतो. झाडं, चमकीच्या माळा, चांदण्या, घंटा. लोहार चाळीत विजेच्या माळांचा महापूर असतो. हे सगळं शनिवारीच करायचं, कारण लोहार चाळ आणि मंगलदास मार्केट रविवारी बंद असतं. माझा एक मित्र ऐनवेळी कार्यक्रम उलटा करून रविवारी तिथं गेला आणि बंद शटरांचे फोटो घेऊन आला.

भाव करताना 'डझनाला काय' असं विचारा. घाऊक बाजार आहे, एक नग मागणाऱ्याकडं दुकानदार बघतसुद्धा नाही. माळ घेतली तर तिथंच लावून दाखवायला सांगा. आणि बोलताना आपलं ते 'खरं' जरा जपून. "घेतो खरं महाग आहे" असं म्हटलं की समोरचा मराठी माणूस 'काय खरं?' म्हणून बघत राहतो. मुंबईत 'पण' म्हणतात.

दुपारी धोबीतलावच्या कयानीत बसा. इराणी हॉटेल, १९०४ पासूनचं, बेंटवूडच्या खुर्च्या, चौकटीचे टेबलक्लॉथ. मावा केक, ब्रून मस्का आणि चहा. शनिवारी टेबल एकत्र वाटून बसावं लागतं, अनोळखी माणूस समोर बसला तर दचकू नका, तीच तिथली रीत आहे.

ऊन कललं की चालत गिरगाव, खोताची वाडी. ठाकूरद्वारच्या वर्दळीतून आत वळलं की एकदम आवाज बंद होतो. लाकडी सज्जे, बाहेरून चढणारे जिने, कौलं आणि दारोदारी कागदी चांदण्या. आपल्या दिवाळीच्या आकाशकंदिलाचा हा चुलतभाऊ. काही अंगणांत गोठा मांडलेला दिसेल: गवत, कागदाचे डोंगर, मेंढ्या, गव्हाणीत बाळ येशू. बेळगावच्या गल्लीत पोरं दिवाळीला किल्ला करतात ना, मातीचा, आळीव पेरून, त्यावर मावळे ठेवून? अगदी तीच हौस, तोच चिखल, आणि बहुतेक तीच भांडणं. मात्र ही लोकांची राहती घरं आहेत. खिडकीत कॅमेरा घालू नका, ओट्यावर बसू नका. कुणी दिसलं तर "फोटो घेऊ का?" एवढं विचारायचं.

इथं राहणाऱ्यांत ईस्ट इंडियन लोक आहेत. नाव इंग्रजी, माणसं इथलीच, बोली मराठीची. १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी त्यांनी हे नाव घेतलं, म्हणजे गोव्याहून आलेल्यांपासून आपली ओळख वेगळी राहील आणि कंपनीच्या जुन्या प्रजेला नोकऱ्यांत अग्रक्रम मिळेल. त्यांची मराठी ऐकून पुण्याचा माणूस बिचकतो. आपण बिचकायचं कारण नाही, आपली मराठी ऐकूनही तो बिचकतोच. गिरगाव मेट्रो तिथून जवळ आहे, रात्री त्याच मार्गानं दादर.

रविवार: बांद्रा

रविवारी मुंबईत सगळ्यात आधी बघायची गोष्ट म्हणजे मेगाब्लॉक. मध्य आणि हार्बरवर बहुतेक रविवारी सकाळी उशिरापासून दुपारी उशिरापर्यंत दुरुस्तीसाठी गाड्या वळवतात किंवा रद्द करतात. शनिवारच्या पेपरात वेळ येते. पश्चिमेलाही कधीकधी असतो, म्हणून दोन्ही बघा. दादरहून बांद्रा पश्चिम रेल्वेवर तिसरं स्टेशन, दुसऱ्या वर्गाचं तिकीट ५ रुपये. दादरचे फलाट डिसेंबर २०२३ पासून १ ते १४ असे सलग मोजतात. १ ते ७ पश्चिमेचे, पुढचे मध्य रेल्वेचे. जुन्या माणसानं सांगितलेला नंबर त्यामुळं चुकू शकतो. इंडिकेटरवर एफ म्हणजे जलद, एस म्हणजे धीमी. बांद्र्याला दोन्ही थांबतात. डब्यावर नीट बघून चढा: महिलांचा, अपंगांचा, पहिल्या वर्गाचा असे डबे असतात, आणि "नवीन आहे हो" या सबबीवर टीसी दंड सोडत नाही.

रिक्षा बांद्र्यापासून पुढं उत्तरेला मिळते, दक्षिणेत फक्त टॅक्सी. फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचं किमान भाडं २६ आणि काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं ३१ रुपये आहे, दोन्ही मीटरनं. बेळगावातल्यासारखी आधी घासाघीस करत बसू नका, "मीटर टाका" एवढंच म्हणा.

बांद्र्यात हिल रोडवरून सरळ चालत जा. फुटपाथवर चांदण्या, सांताच्या टोप्या, गोठ्याचे तयार संच लावलेले असतात आणि इथं घासाघीस चालते. सांगितलेल्या भावाच्या निम्म्यानं सुरुवात करायची. टोकाला सेंट अँड्र्यूज, पोर्तुगीज काळातलं चर्च. तिथून रणवार, बांद्र्याच्या जुन्या पाखाड्यांपैकी, म्हणजे वस्त्यांपैकी एक, आणि मग टेकडीवर माउंट मेरी. कोळी लोक हिला मोत माउली म्हणतात. बाहेर मेणाचे हात, पाय, घरं, बाळं विकायला असतात, नवसाच्या गोष्टी. आपल्याकडं यल्लम्माच्या डोंगरावर नवस बोलणाऱ्या बायांना यात काहीच वेगळं वाटणार नाही. तिथली मोठी जत्रा सप्टेंबरात असते, डिसेंबरात तुलनेनं शांत.

चर्चमध्ये जायचे साधे नियम. टोपी काढा, फोन बंद करा, मिस्सा, म्हणजे प्रार्थनाविधी, चालू असेल तर मागच्या बाकावर बसा, फोटो नको. शेवटाकडं लोक रांगेनं पुढं जाऊन ख्रिस्तप्रसाद घेतात. प्रसाद म्हटलं की आपला हात आपोआप पुढं होतो, पण तो फक्त दीक्षा झालेल्या श्रद्धावंतांसाठी असतो. रांगेत उभं राहू नका, बसून राहिलात तर कुणाला काही वाटत नाही. नाताळाआधीच्या रविवारी वेदीजवळ चार मेणबत्त्या पेटलेल्या दिसतील, आगमनकाळातल्या चार रविवारांच्या. मध्यरात्रीची मिस्सा तुमची हुकणार, पण ती आपल्या कॅम्पातल्या चर्चमध्ये २४ ला आहेच.

आता ती कापडी पिशवी. घरोघरी आणि बेकऱ्यांत या दिवसांत कुसवार, म्हणजे नाताळाचा फराळ मिळतो. कुलकुल हे शंकरपाळ्याच्या घराण्यातलं, काट्यावर वळून तळलेलं. नेवऱ्या म्हणजे करंज्या. दोदोल नारळ-गुळाचा, गोव्याला गेलेल्यांना माहीत असेल. पेरूचा लाल वडी-हलवा, त्याला पेराड म्हणतात, तो मात्र नक्की घ्या, आठवडाभर टिकतो. जेवायला फुगे, म्हणजे तळलेले गोल पाव, आणि इंद्याल, म्हणजे आंबट-तिखट मटणाचा रस्सा, कुठं मिळालं तर सोडू नका. शाकाहारी असाल तर आधी विचारा, फुग्यांतही अंडं असू शकतं.

प्लम केक घेताना दोन गोष्टी तोंडानं विचारा: अंडं आहे का, आणि रममध्ये भिजवलेला आहे का. मी एकदा न विचारता घेतलेला केक शेजारच्या जैन काकूंना दिला. त्यांनी आवडीनं वास घेतला आणि मग माझ्याकडं बघितलं. ते बघणं अजून आठवतं.

चारच्या आत बांद्रा सोडा. तिथल्या किल्ल्यावरून सी लिंक आणि मावळता सूर्य बघायचा मोह होईल, तेव्हा गाडी किती वाजता आहे ते आधी मोजा. संध्याकाळी हिल रोडवर रिक्षा चालते कमी, उभी राहते जास्त. दादरला येऊन बॅग घ्या, जेवा आणि बसच्या वेळेआधी अर्धा तास सांगितलेल्या ठिकाणी उभे राहा. खासगी बसचं ठिकाण 'दादर' एवढंच लिहिलेलं असतं, ते नेमकं कुठल्या पुलाखाली हे दुपारीच फोन करून विचारून ठेवा. रेल्वेनं येणार असाल तर सोमवारी अर्धी रजा टाकलेली बरी.

केक डिकीत टाकू नका. खंडाळा आणि खंबाटकी ओलांडेपर्यंत त्याचा चुरा होतो. वरच्या बर्थवर उशाशी ठेवा, स्वेटरात गुंडाळून.